एक भांडण, तीन दारे : रखमाबाईंचा दावा आणि न्यायालयांची वाटणी

१/
४ मार्च १८८७. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फॅरन यांनी २२ वर्षांच्या एका तरुणीला आदेश दिला : महिन्याभरात नवऱ्याच्या घरी नांदावयास जा, अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी लागेल. या तरुणीने चोरी केली नव्हती, कोणावर हात उगारला नव्हता. तिच्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंदलेला नव्हता. दावा दिवाणी होता, तरीही त्याच्या शेवटी तुरुंग उभा होता. हे कसे घडले, हे पाहू लागले की दिवाणी, फौजदारी आणि कौटुंबिक या तीन शब्दांमागचा इतिहास उलगडत जातो.

२/
आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे. ‘दिवाणी’ आणि ‘फौजदारी’ हे शब्द मोगल कारभारातून आले. सुभ्याचा दिवाण महसूल पाहत असे. जमीन, देणे-घेणे, वारसा यांचे तंटे त्याच्या कक्षेत येत. फौजदाराकडे बंदोबस्त होता. चोर, दरोडेखोर आणि बंडखोर यांचा समाचार त्याने घ्यावयाचा. म्हणजे ही विभागणी मुळात अधिकाऱ्यांच्या कामांची होती. पुढे अधिकारी गेले, कामे बदलली, पण त्यांची नावे न्यायालयांच्या पाट्यांवर राहिली.

३/
मराठी मुलखात शिवकाळापासून पेशवाईपर्यंत ही रेघ इतकी ठळक नव्हती. वतनाचा तंटा गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार जमत, साक्षी होत आणि निकालाचा महजर लिहिला जाई. पुरावा अपुरा पडल्यास कधी दिव्याचाही आधार घेतला जाई. विवाह, दत्तक, वाळीत टाकणे असे प्रश्न जातपंचायत, धर्माधिकारी किंवा ब्रह्मसभा यांच्याकडे जात. गंभीर गुन्ह्यांत सरकार लक्ष घाली. पण भांडण कोणत्या प्रकारचे आहे हे आधी ठरवून मग त्याचे न्यायालय निवडावयाचे, अशी काटेकोर शिस्त नव्हती.

४/
ही शिस्त इंग्रजी अमलात आली. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली आणि १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने न्यायव्यवस्थेची योजना आखली. प्रत्येक जिल्ह्यात एक दिवाणी अदालत आणि एक फौजदारी अदालत, तर वर सदर दिवाणी आणि सदर निजामत अदालत. पुढे मुंबई इलाख्यातही सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालती उभ्या राहिल्या. १८२७ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात येथील कायद्यांची संहिता तयार झाली.

५/
हेस्टिंग्जच्या योजनेतील एक कलम पुढच्या दोन शतकांना पुरून उरले. वारसा, विवाह, जात आणि धार्मिक रूढी यांविषयीच्या दाव्यांत मुसलमानांना कुराणाचा व हिंदूंना शास्त्राचा कायदा लावावा, असे त्यात होते. कौटुंबिक प्रश्न दिवाणी न्यायालयातच चालावयाचे, परंतु त्यांचा निवाडा ज्याच्या त्याच्या धर्माच्या कायद्याने व्हावयाचा. आज ज्याला ‘व्यक्तिगत कायदा’ म्हटले जाते, त्याची राजकीय सुरुवात येथे झाली.

६/
१८६० च्या दशकात चौकट पक्की झाली. भारतीय दंड संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. त्याच वर्षी १४ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले आणि जुन्या सदर अदालती व सर्वोच्च न्यायालय त्यात विलीन झाली. १८७२ मध्ये पुराव्याचा कायदा आला. दिवाणी प्रक्रिया संहिता १८५९ मध्ये आलीच होती. ती १८७७ आणि १८८२ मध्ये नव्याने रचली गेली. रखमाबाईंच्या प्रकरणात ही १८८२ ची संहिता पुढे महत्त्वाची ठरते.

७/
आता दोन मुख्य दारांतील फरक. दिवाणी दाव्यात एक व्यक्ती दुसरीविरुद्ध उभी असते : वादी आणि प्रतिवादी. वादी दावा दाखल करतो, प्रतिवादी कैफियत देतो, न्यायालय हुकूमनामा करते. शेत कोणाचे, कर्ज फिटले की नाही, मृत्युपत्र खरे की बनावट, भाडेकरूने जागा सोडावी की नाही, करार मोडला काय, हे त्याचे नेहमीचे विषय. न्यायालय शिक्षा करीत नाही. ज्याचे होते ते त्याला परत द्यावे, नुकसान भरून द्यावे किंवा एखादी कृती करू नये, असे सांगते.

८/
फौजदारी खटल्यात आरोपीसमोर शासन उभे असते. चोरी, मारहाण, फसवणूक, खून हे ज्याच्यावर बेतले त्याच्यापुरते राहत नाहीत, ते समाजाविरुद्धचे अपराध मानले जातात. म्हणूनच व्हिक्टोरियाच्या काळात अशा खटल्यांची नावे ‘सम्राज्ञी विरुद्ध अमुक’ अशी असत. पुराव्याचे मापही वेगळे. दिवाणीत ज्याची बाजू अधिक संभाव्य, त्याचे पारडे जड. फौजदारीत दोष वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. कारण तेथे माणसाचे स्वातंत्र्य आणि कधी प्राणही पणाला लागलेला असतो.

९/
एकाच घटनेतून दोन्ही प्रकारची प्रकरणे निघू शकतात. बदनामी झालेला माणूस भरपाईसाठी दिवाणी दावा लावू शकतो आणि फौजदारी तक्रारही करू शकतो. न वटलेल्या धनादेशाचे पैसे वसूल करण्याचा दावा दिवाणी, तर १९८८ च्या दुरुस्तीनंतर तो धनादेश देणे हा विशिष्ट अटींवर गुन्हाही ठरला. घटना एकच असते. न्यायालयाला कोणता प्रश्न विचारला, यावर दार ठरते आणि दारावर उत्तर ठरते. हे सूत्र लक्षात ठेवून आता गिरगावच्या परिसरातल्या त्या जुन्या मुंबईत जाता येईल.

१०/
रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या जातीत विधवाविवाहाची रूढी होती. सखाराम अर्जुन हे नामांकित वैद्यक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचे नाव येते. पुनर्विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली होती. ही मालमत्ता पुढे दाव्याच्या पार्श्वभूमीला सतत राहिली.

११/
वयाच्या ११ व्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. दादाजींचे वय तेव्हा १९ च्या सुमारास. जावयाने सासुरवाडीच्या आधाराने शिकावे आणि मार्गाला लागावे, अशी कुटुंबाची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. दादाजी मामाकडे राहावयास गेले. रखमाबाई आई आणि सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या, मिळतील ती पुस्तके वाचून शिकत राहिल्या. पती-पत्नी म्हणून दोघे कधीही एकत्र राहिले नाहीत.

१२/
मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत सखाराम अर्जुन यांना पत्र पाठवले : माझ्या पत्नीला माझ्याकडे येण्यापासून अडवू नये. रखमाबाईंनी जाण्यास नकार दिला. दादाजींची गरिबी, त्यांची प्रकृती आणि ते ज्या घरात राहत तेथील वातावरण ही कारणे पुढे केली गेली. नकारामागे मालमत्ता आहे, असे दादाजींच्या बाजूचे म्हणणे होते. त्याच वर्षी त्यांनी उच्च न्यायालयात दावा लावला. दाव्याचा प्रकार होता : वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना.

१३/
हा प्रकार ना शास्त्रातला, ना कुराणातला. तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आला होता. तेथे चर्च विवाहाच्या बाबतीत निवाडे देई आणि विभक्त राहणाऱ्या जोडीदाराला परत जाण्याची आज्ञा करी. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका मुसलमान दांपत्याच्या प्रकरणात असे दावे भारतातील दिवाणी न्यायालयांत चालू शकतात, असे ठरवले. अशा रीतीने ख्रिस्ती धर्मपीठाचा एक उपाय हिंदू आणि मुसलमान घरांच्या उंबरठ्याशी येऊन पोहोचला.

१४/
मुंबईत विवाहाचे वेगळे न्यायालय मुळी नव्हतेच, असे मात्र नाही. उच्च न्यायालयाच्या सनदेत वैवाहिक अधिकारक्षेत्र होते, पण ते ख्रिस्ती प्रजेपुरते. त्यांच्यासाठी १८६९ चा घटस्फोट कायदा होता. पारशी समाजाने स्वतः मागणी करून १८६५ मध्ये विवाह व घटस्फोटाचा कायदा मिळवला. त्याखाली खास पारशी वैवाहिक न्यायालये स्थापन झाली आणि न्यायाधीशाबरोबर समाजातील प्रतिनिधी बसू लागले. एकाच शहरातील पारशी किंवा ख्रिस्ती पत्नीला विवाहासाठी एक स्वतंत्र दार होते. रखमाबाईंना नव्हते.

१५/
म्हणून त्यांचे प्रकरण साध्या दिवाणी दाराने आत गेले, जणू एखाद्या कराराचा किंवा जमिनीच्या ताब्याचा तंटा असावा. या दारात विचारता येणारा प्रश्न ठरलेला होता : हक्क आहे की नाही, आणि असल्यास तो बजावून द्यावा काय. ११ वर्षांच्या मुलीने संमती दिली होती का, या प्रश्नाला तेथे जागा सापडणे कठीण होते. घटस्फोट मागण्याची सर्वसाधारण तरतूद हिंदू कायद्यात नव्हती. काही जातींत काडीमोडाची रूढी होती, तेवढीच.

१६/
एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एका ‘हिंदू स्त्री’चे बालविवाहाविषयीचे पत्र प्रसिद्ध झाले. बालविवाहाने मुलीचे शिक्षण आणि आयुष्य कसे खुडले जाते, हे त्यात मांडले होते. सप्टेंबरमध्ये सक्तीच्या वैधव्याविषयी दुसरे पत्र आले. लेखिका रखमाबाई होत्या, हे नंतर उघड झाले. जो प्रश्न न्यायालयात मांडण्यास वाव नव्हता, तो वृत्तपत्रात मांडला जात होता.

१७/
सप्टेंबर १८८५ मध्ये दावा न्यायमूर्ती पिन्ही यांच्यापुढे आला. वादीची बाजू संपताच त्यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. प्रतिवादीला बचाव मांडण्याची गरजही पडली नाही. त्यांचा मुद्दा साधा होता. ‘पुनःस्थापना’ म्हणजे जे होते ते परत आणणे. हे दांपत्य कधी एकत्र राहिलेच नाही, तर परत काय आणावयाचे? अजाण वयात लग्न झालेल्या, आता प्रौढ झालेल्या स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध अशा सहवासास भाग पाडणे त्यांना क्रूर वाटले. आणि तसे करण्यास भाग पाडणारा इंग्रजी दाखलाही त्यांना आढळला नाही.

१८/
निकालाने वादळ उठले. एका बाजूला बेहरामजी मलबारी आणि सुधारक. दुसऱ्या बाजूला अनेकांची तक्रार, की इंग्रज न्यायाधीशाने हिंदू विवाहसंस्थेत हात घातला. लोकमान्य टिळकांनी रखमाबाईंच्या भूमिकेला विरोध केला. परक्या सरकारने धर्माच्या आतल्या गोष्टी ठरवू नयेत, ही या पक्षाची मुख्य भूमिका होती. यात एक विसंगती होती, ती त्या काळीही काहींच्या ध्यानात आली : ज्या उपायाचे रक्षण हिंदू धर्माच्या नावाने चालले होते, तो उपायच इंग्लंडहून आला होता.

१९/
१८८६ मध्ये अपिलात सरन्यायाधीश सर चार्ल्स सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्ही यांचा निकाल फिरवला. हिंदू कायद्यानुसार विधी पूर्ण झाले की विवाह पूर्ण होतो. वधूची संमती किंवा नंतरचा सहवास ही त्याची अट नाही. म्हणून हक्क आहे आणि दावाही चालतो. प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी खाली आले. भावनेच्या दृष्टीने हा निकाल कठोर, पण दिवाणी दाराच्या तर्काला तो धरून होता. हक्क सिद्ध झाला, आता अंमलबजावणी उरली.

२०/
अंमलबजावणीतच तुरुंग दडलेला होता. दिवाणी हुकूमनामा न पाळणाऱ्याविरुद्ध दरखास्त देता येते. १८८२ च्या संहितेच्या कलम २६० नुसार वैवाहिक हक्कांचा हुकूमनामा जाणूनबुजून मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करता येई, त्याला कैदेत टाकता येई किंवा दोन्ही. ही शिक्षा नव्हे, तर आज्ञापालनासाठीची सक्ती, असा कायद्याचा युक्तिवाद. कोठडीच्या आत बसलेल्याला हा फरक किती जाणवला असता, हा प्रश्न निराळा.

२१/
आणखी एक गोष्ट येथे नोंदवण्याजोगी. १८८४ मध्ये, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, ब्रिटिश पार्लमेंटने इंग्लंडमध्ये अशा हुकूमनाम्यासाठीची कैद रद्द केली. श्रीमती वेल्डन यांच्या प्रकरणाने तेथे लोकमत ढवळले होते. जो देश हा उपाय भारतात घेऊन आला, त्याने त्यातील दात स्वतःपुरते काढून टाकले आणि वसाहतीत ते तसेच ठेवले. फॅरन यांच्यासमोर कायदा होता तो भारतातला. ४ मार्च १८८७ चा आदेश त्यातून आला.

२२/
रखमाबाईंनी कळवले, की त्या नांदावयास जाण्यापेक्षा तुरुंग पत्करतील. हा निर्धार ऐकून प्रकरण देशाबाहेरही गाजले. मुंबईत त्यांच्या मदतीसाठी समिती उभी राहिली. एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य वर्ड्सवर्थ आणि मलबारी तिच्याशी निगडित होते. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्येच अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याची दखल घेतली. एका स्त्रीला, गुन्हा न करता, केवळ ‘नाही’ म्हटल्याबद्दल कैदेत टाकणे सरकारलाही अडचणीचे झाले.

२३/
तुरुंगाची वेळ आली नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी २,००० रुपये घेऊन हुकूमनाम्यावरील हक्क सोडला. दिवाणी दाव्यात हे शक्य असते. वाद दोन पक्षांचा असल्याने ते तो आपसात मिटवू शकतात. खुनाच्या खटल्यात फिर्यादीला पैसे देऊन प्रकरण संपवता येत नाही. दिवाणी दाराचा जो नियम रखमाबाईंच्या मुळावर आला होता, त्याच दाराच्या दुसऱ्या नियमाने त्यांची सुटका केली.

२४/
परंतु तडजोड म्हणजे घटस्फोट नव्हे. कायद्याने विवाह कायम राहिला. दादाजींना दुसरे लग्न करण्यास हिंदू कायद्यात आडकाठी नव्हती. रखमाबाईंनी पती हयात असताना पुनर्विवाह केला असता, तर दंड संहितेचे कलम ४९४ उभे राहिले असते आणि त्या फौजदारी आरोपी ठरल्या असत्या. दिवाणी दारातून बाहेर पडलेल्या स्त्रीसाठी पलीकडे फौजदारी दार असे उघडेच होते. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी आली ती १९४६ मध्ये.

२५/
बालविवाहाचा हाच प्रश्न दोन वर्षांनी कलकत्त्यात फौजदारी दाराने न्यायालयात आला. १८९० मध्ये फुलमणी दासी ही सुमारे ११ वर्षांची मुलगी पतीच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली. पती हरिमोहन मैती तिच्याहून कितीतरी मोठा, तिशी ओलांडलेला. खटला सम्राज्ञीच्या नावे उभा राहिला. पण दंड संहितेने विवाहांतर्गत संमतीचे वय १० ठेवले होते. मुलगी त्याहून मोठी, म्हणून बलात्काराचा आरोप लागू शकला नाही. निष्काळजी कृत्याने गंभीर दुखापत केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली.

२६/
दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होते. मुंबईत प्रौढ स्त्रीने नकार दिला, तर दिवाणी कायद्याने तिला सहा महिन्यांची कैद सुचवली. कलकत्त्यात बालिकेचा प्राण गेला, तेव्हा फौजदारी कायद्याने पतीला एक वर्ष दिले. दोन्ही ठिकाणी न्यायाधीशांनी आपापल्या दाराचे नियम पाळले. मुलीची संमती हा मूळ प्रश्न मात्र दोन्ही दारांच्या बाहेर ताटकळत राहिला.

२७/
याच दोन खटल्यांच्या पार्श्वभूमीवर १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. ९ जानेवारीला सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले आणि १९ मार्चला ते मंजूर झाले. संमतीचे वय १० वरून १२ झाले. महाराष्ट्रात रणकंदन माजले. टिळक विरोधात, तर रानडे, तेलंग, आगरकर बाजूने. रा. गो. भांडारकर यांनी शास्त्राधारे विधेयकाचे समर्थन केले. पण ही दुरुस्ती दंड संहितेतली होती. तिने विवाहाचे वय ठरवले नाही आणि वैवाहिक हक्कांच्या दाव्यालाही हात लावला नाही. विवाहाच्या वयासाठी १९२९ च्या शारदा कायद्याची वाट पाहावी लागली.

२८/
कैदेचे कलम हळूहळू झिजले. १८८८ मध्ये पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रियांना अटक करण्यास मनाई झाली, म्हणजे कर्ज बुडवणारी स्त्री सुटली, सासरी न जाणारी नव्हे. १९०८ च्या संहितेने न्यायालयाला कैद न सुनावण्याची मुभा दिली. १९२३ मध्ये वैवाहिक हक्कांच्या हुकूमनाम्यासाठीची कैद पूर्णपणे गेली. उरली ती मालमत्तेची जप्ती. रखमाबाईंना सुनावलेला आदेश कायद्याने अशक्य होण्यास ३६ वर्षे लागली.

२९/
तिसरे दार उघडण्यास आणखी उशीर झाला. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने घटस्फोट, विवाहाची वैधता, पती-पत्नीची मालमत्ता, मुलांचा ताबा, पालकत्व आणि पोटगी हे विषय एका छताखाली आणले. वैशिष्ट्य असे, की पोटगीचा जो अर्ज फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली दंडाधिकाऱ्यापुढे जाई, तोही येथे आला. आज हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. दिवाणी आणि फौजदारी या दोन जुन्या पाट्यांमधली भिंत घराच्या प्रश्नापुरती काहीशी पाडली गेली.

३०/
या न्यायालयाची रीतही वेगळी. प्रथम समेटाचा प्रयत्न करणे हे त्याचे कर्तव्य आहे. समुपदेशकांची सोय असते. हक्क म्हणून वकील उभा करता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. येथे हरणारा आणि जिंकणारा निश्चित करण्यापेक्षा पुढे ही माणसे कशी जगतील, विशेषतः मुले कोठे वाढतील, याचा विचार अपेक्षित आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने आणखी एक मिश्र वाट काढली : संरक्षण आणि निवासाचे आदेश दिवाणी स्वरूपाचे, ते देणारा दंडाधिकारी, आणि संरक्षणाचा आदेश मोडणे हा गुन्हा.

३१/
वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा मात्र संपला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून राहिला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, तर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी प्रकरणात ते वैध मानले. इंग्लंडने स्वतःचा हा दावा १९७० च्या कायद्याने रद्द केला. जेथून उपाय आला तेथे तो उरला नाही. भारताच्या कौटुंबिक न्यायालयांत तो अजूनही दाखल होतो.

३२/
रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. परत येऊन त्यांनी सुरत आणि राजकोट येथे अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, १८ मे रोजी, हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. देशभरातील हिंदू स्त्रीला न्यायालयात घटस्फोट मागण्याचा हक्क मिळाला तेव्हा रखमाबाई ९० वर्षांच्या होत्या.

३३/
एखाद्या खटल्याची बातमी वाचताना म्हणून तीन प्रश्न उपयोगी पडतात. कोण कोणाविरुद्ध उभे आहे : दोन व्यक्ती, शासन आणि आरोपी, की एकाच घरातील माणसे? न्यायालयाकडे काय मागितले आहे : हक्क, शिक्षा, की पुढील जगण्याची व्यवस्था? आणि ज्या प्रश्नाने माणूस खरोखर दुखावला आहे, तो या दारातून आत येऊ शकतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या पुस्तकांत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर कायदा बदलावा लागतो. १८८७ च्या त्या आदेशानंतर घडत गेले ते हेच.